ट्रेकच्या वाटेवर कुत्रं अंगावर आलं तर

पहाटे तीनला पायथ्याच्या गावात गाडीतून उतरायचं, हेडटॉर्च लावायचे आणि वीस जणांनी बडबडत वस्तीच्या मधून चालू लागायचं. अशा वेळी गावातली कुत्री भुंकली नाहीत तरच नवल. राखण करणं हे त्यांचं काम आणि आपण त्यांच्या अंगणात न विचारता शिरलेले लोक. सह्याद्रीत नव्याने फिरायला लागलेल्यांना वाटेतल्या कुत्र्यांशी कसं वागावं आणि चावलंच तर काय करावं, एवढ्यापुरता हा लेख आहे. शेवटचे तीन टप्पे चाव्यावरच्या उपचारांचे आहेत. वरचं सगळं विसरलात तरी ते तेवढे लक्षात ठेवा, कारण रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही आणि वेळेवर उपचार घेतले तर रेबीज जवळपास कधीच होत नाही.

१. कुत्रं कशाची राखण करतंय ते ओळखा

गावातलं कुत्रं घराची, गल्लीची राखण करतं. त्याची हद्द ठरलेली असते. शेवटचं घर मागे पडलं की बहुतेक वेळा ते थांबतं आणि भुंकून तुम्हाला निरोप देतं. कळसूबाईला बारीतून रात्री निघणाऱ्यांना किंवा राजगडाला गुंजवण्यातून चढणाऱ्यांना भेटतात ती ही कुत्री. त्यांच्यापासून धोका असतो तो मुख्यतः अंधारात आणि घरांच्या मधल्या बोळांत. म्हणून दहा मिनिटं जास्त लागली तरी गाडीरस्त्याने जा, परसातून जाणारी जवळची वाट धरू नका.

धनगरवाड्यावरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. पन्हाळा ते विशाळगड वाटेवर, कोयनेच्या रानात, रायलिंग आणि मोहरीच्या पठारांवर गवळी धनगरांची दोन-चार घरं असतात. तिथलं कुत्रं म्हशी आणि वासरं बिबट्यापासून राखतं. ते माणसाला घाबरत नाही, कारण घाबरणारं कुत्रं तिथे फार दिवस टिकतच नाही. मेंढपाळांची कुत्रीही याच जातकुळीची. दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे उतरणारे आणि पावसाळ्याआधी परतणारे कळप घाटवाटांवर भेटतात, तेव्हा कुत्री कळपाच्या कडेने किंवा मेंढरांच्या मध्ये चालत असतात आणि लांबून दिसतही नाहीत. कळपातून वाट काढत जाणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. मेंढरं बिथरली की कुत्र्याच्या लेखी हल्लेखोर तुम्हीच. जागा असेल तर शंभरेक पावलांचा वळसा घाला. वाट अरुंद असेल तर बाजूला थांबून कळप पुढे जाऊ द्या. मेंढपाळ हाताने खूण करतील, मग निघा.

तिसरी तऱ्हा म्हणजे गडावर राहणारी कुत्री. ट्रेकर्सच्या उरल्यासुरल्या खाण्यावर जगणारी, एरवी गरीब, पण खाण्यावरून आपापसात भिडणारी. यांतलंच एखादं आपल्याबरोबर चालू लागतं, सगळे त्याचं कौतुक करतात, फोटो काढतात. पुढच्या गावाची हद्द आली की तिथली चार कुत्री त्याच्यावर तुटून पडतात आणि ते जीव वाचवायला नेमकं तुमच्या पायांत शिरतं. अशा भांडणात पोटरीला बसलेला चावा तुमच्यासाठी नसतोच, पण इंजेक्शनं तुम्हालाच घ्यावी लागतात. सोबत्याला निघतानाच खायला देऊ नका. तरी आलाच तर वस्ती जवळ आल्यावर त्याच्यापासून चार हात दूर चाला. भांडण जुंपलं तर त्याला उचलून घेऊ नका, मध्ये पडू नका, सरळ बाजूला व्हा.

शहरातून आलेलं, मोकळं सोडलेलं पाळीव कुत्रं ही हल्लीची चौथी तऱ्हा. ‘काही करत नाही तो’ असं मालक लांबून ओरडतो. त्यावर शांतपणे, पण स्पष्ट सांगा : पट्टा लावा, मग आम्ही पुढे येतो. आणि आपलं कुत्रं ट्रेकला न्यायचा विचार असेल तर धनगरवाड्याच्या वाटेवर नेऊ नका. तिथली कुत्री त्याला पाहुणा समजत नाहीत.

२. महिना लक्षात घ्या

भाद्रपदातली कुत्री हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. पावसाळा सरता सरता कुत्र्यांच्या टोळ्या जमतात, नर एकमेकांवर चिडलेले असतात. कुत्रीचा गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणजे पिल्लं येतात ती दिवाळीपासून पौषापर्यंत, नेमकी ट्रेकच्या भर हंगामात. व्यालेली कुत्री भुंकून इशारा देत बसत नाही. गवताची गंजी, पडकं घर, देवळाची ओवरी, गडावरच्या वाड्याचा कोपरा अशा ठिकाणी पिल्लांचा आवाज आला की तिथे सॅक टेकू नका आणि पिल्लू उचलायला तर मुळीच जाऊ नका.

३. सॅकमध्ये काय हवं

- छातीपर्यंत येणारी काठी, साधारण साडेचार फुटांची. ट्रेकिंग पोल चालतो, पण बांबू अधिक बरा. पोलचा सांधा जोरात ओढलं की निघून येतो.
- साबणाच्या वडीचा तुकडा, 25 ग्रॅमपुरता, छोट्या पिशवीत. सॅनिटायझर साबणाची जागा घेत नाही.
- पिण्याच्या पाण्याशिवाय 1 लिटर पाणी आणि त्याच बाटलीचं एक जादा झाकण, दाभणाने छिद्र पाडलेलं. बाटली दाबली की धार लागते, जखम धुवायला ती लागते.
- पोविडोन आयोडीनची छोटी बाटली, चार-पाच निर्जंतुक गॉज, एक क्रेप बँडेज.
- पूर्ण लांबीची जाडसर पँट. शॉर्ट्समध्ये धनगरवाड्यावरून जाऊ नये.
- कागदावर लिहिलेले नंबर : त्या भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, आणि 108. फोनची बॅटरी संपते, कागदाची नाही.

पेपर स्प्रे आणि कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं याबद्दल बरेच जण विचारतात. कड्यावरचा वारा कधी फिरेल याचा नेम नसतो आणि फवारा आपल्याच डोळ्यांत येतो. यंत्राने एखादं कुत्रं थबकतं, दुसरं जुमानत नाही, आणि कोणतं कसं ते आधी कळत नाही. फटाके लावणं तर सुक्या गवतात वणव्याला आमंत्रण. पावसाळ्यात एक साधी गोष्ट मात्र उपयोगी पडते : बटण दाबून उघडणारी छत्री. कुत्र्याच्या दिशेने फटकन उघडली की तुमच्या आणि त्याच्या मध्ये भिंत उभी राहते.

४. वस्तीजवळ येताना आवाज द्या

कुत्र्यापेक्षा त्याच्या माणसाला आधी गाठायचं. दोनशे पावलं अलीकडूनच हाक घाला : ‘ओ मामा, कुत्रं आवरा हो!’ घरातून मावशी बाहेर आल्या, त्यांनी कुत्र्याला नुसतं नावाने हटकलं, तरी काम होतं. माणूस आणि पाहुणा एकमेकांशी बोलताना दिसले की राखणीचं कुत्रं बरंच निवळतं. थांबा, राम राम करा, वाट विचारा. घाईघाईत पुढे सटकणाऱ्याच्याच मागे ते लागतं.

‘काय नाय करत ते, या खुशाल’ हे उत्तर तुम्हाला प्रत्येक वस्तीवर मिळेल. बोलणारा खोटं बोलत नाही, त्याला ते काही करतच नाही. मालकाला नम्रपणे सांगा, ‘तेवढं धरा की दादा, आम्ही पलीकडे जाईस्तोवर.’ कुणी चिडत नाही.

रात्री गावातून जाताना गप्पा बंद, स्पीकर बंद, गट एकत्र. हेडटॉर्चचा झोत पायाजवळच्या जमिनीवर ठेवा. कुत्र्याच्या डोळ्यांत मारलात तर त्याला झोतामागचा माणूस दिसत नाही आणि ते अधिकच चेकाळतं. काठीवाला एक जण पुढे आणि दुसरा सर्वांत मागे. मागचा जास्त महत्त्वाचा, कारण गाव ओलांडताना पोटरी धरली जाते ती सहसा शेवटच्याची. मुलं असतील तर ती मधोमध. दुचाकीवर येणाऱ्यांनी गाव लागताच वेग कमी करावा. पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला लाथ मारायला जाऊन पडणारे बरेच असतात.

५. समोर आलं की

आधी थांबा. पळू नका, वळू नका. पळणाऱ्यामागे धावणं त्याच्या रक्तात आहे आणि चढावर तर ते तुम्हाला दहा पावलांत गाठेल. पहाटे टेकडीवर धावायला जाणाऱ्यांनाही हेच लागू : कुत्रं दिसलं की धावणं सोडून चालायला लागा.

मग त्याच्याकडे नीट बघा, पण डोळ्याला डोळा भिडवू नका. जागचं न हलता जोरजोरात भुंकत असेल तर ते हद्द सांगतंय. चार पावलं पुढे, दोन मागे करत असेल तर त्यालाही भीती आहे. दोन्ही वेळा हळूहळू बाजूने वळसा घेतलात की बहुधा प्रकरण संपतं. काळजी करायची ती भुंकणं बंद झाल्यावर. डोकं खाली, मानेवरचे केस पिंजारलेले, अंग ताठ, ओठ मागे खेचलेला, नजर तुमच्यावर खिळलेली : हे कुत्रं ठरवून आलेलं आहे. उंच ताठ धरलेली शेपूट भराभर हलत असेल तर ती मैत्रीची खूण समजू नका. आणि समोरचं कुत्रं गोंधळ घालत असताना मागून मुकाट येणारं दुसरं आहे का, ते पाहत राहा.

काठी खाली, तिचं टोक त्याच्या आणि तुमच्या मधल्या जमिनीवर. डोक्यावर उगारू नका. उगारलेली काठी म्हणजे त्याला हल्ला, शिवाय पोट आणि पाय उघडे पडतात. जाड, ठाम आवाजात एकदाच ‘हाड!’ म्हणा. किंचाळू नका. खाली वाकून दगड उचलल्यासारखं करणं आपल्याकडच्या बहुतेक गावकुत्र्यांना बरोबर कळतं आणि ती मागे सरतात. पण तिथेच थांबा. दगड खरंच भिरकावला तर लागलेलं कुत्रं उलटून येऊ शकतं. राखणीच्या कुत्र्याला मारलंत तर मालकाशीही वाकडं, आणि पुढची वाट त्याच्याच दारावरून जाते.

बिस्किटं फेकून सुटका करून घेण्याचा मोह आवरा. एकाला टाकलेल्या पार्ले-जीवर चार जमतात आणि भांडण तुमच्या पायाशी लागतं.

डोंगरात आणखी एक धोका आहे, तो शहरातल्या सल्ल्यांत नसतो. आडव्या वाटेवर, एका बाजूला दरी असताना, कुत्रं अंगावर आलं की पाय आपोआप मागे जातो. चावा बरा होतो, दरीत पडलेला माणूस बरा होईलच असं नाही. म्हणून आधी डोंगराच्या अंगाला व्हा, पाठ कातळाला लावा, मगच कुत्र्याकडे बघा. सॅक काढून पोटाशी धरा. गटात असाल तर पाठीला पाठ लावून उभे राहा, काठ्या बाहेरच्या बाजूला. मग सगळे मिळून एकाच दिशेने, तोंड कुत्र्याकडे ठेवून, सावकाश सरका.

झेप घेतलीच तर त्याच्या तोंडात काहीतरी द्या : सॅकचा पट्टा, गुंडाळलेलं जॅकेट, छत्री, काठी. दातांत पाय सापडलाच तर हिसका मारून ओढू नका, दातांनी मांस फाटतं ते ओढण्यामुळे. सोबत्यांनी काठी मध्ये घालावी, सॅक त्याच्यावर रेटावी. खाली पडलात तर पालथे होऊन गुडघे पोटाशी घ्या, बोटं एकमेकांत अडकवून मान झाका, कोपरांनी कान झाका आणि हलू नका. मुलांना हे घरीच दोन वेळा करून दाखवा. त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, आणि चेहऱ्याचा, डोक्याचा, मानेचा चावा मेंदूजवळ असल्याने सर्वांत धोक्याचा.

हिमालयातल्या ट्रेकला जाणाऱ्यांसाठी जाता जाता : हिमाचलात गद्दी मेंढपाळांच्या केसाळ कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा दिसला तर समजा, हे कुत्रं बिबट्याशी झुंजायला ठेवलेलं आहे. तिथे दगड उचलल्याचं नाटक करू नका. तंबूही मेंढरांच्या तळापासून लांब लावा.

६. चावलं : पहिली 15 मिनिटं

रक्त भळाभळा वाहत असेल तर आधी गॉज दाबून धरा. नसेल तर तिथेच, सुरक्षित जागी बसून, जखम साबण आणि पाण्याच्या धारेने घड्याळ लावून 15 मिनिटं धुवा. विषाणू लाळेत असतो, आणि तो जखमेतच जितका धुऊन जाईल तितका फायदा. 1 लिटर पाणी बारीक धारेने, मधे साबण चोळत, पुरवून वापरता येतं. संपलं तर सोबत्यांचं घ्या, ओढ्याचं घ्या. गाव गाठेपर्यंत थांबण्यापेक्षा ते बरं. खाली उतरल्यावर नळाखाली पुन्हा धुवा. मग पोविडोन आयोडीन लावा आणि सैलसर झाका. घट्ट बांधू नका.

हळद, चुना, तिखट, तेल, माती, तंबाखू यांतलं काहीही जखमेत भरू नका, कुणी कितीही आपुलकीने आणून दिलं तरी. गावात चाव्यावर ‘उतारा’ देणारा माणूस सांगतील. त्यांचा मान राखून नको म्हणा.

पँटवरून चावलं म्हणून सोडून देऊ नका. पँट वर करून बघा. कातडीवर साधा ओरखडा असला तरी दवाखाना गाठायचाच.

त्याच वेळी सोबत्यांपैकी एकाने कुत्र्याची माहिती काढावी : कुणाचं आहे, लस दिली आहे का, गेल्या काही दिवसांत आणखी कुणाला चावलं का. मालकाचा फोन नंबर घ्या. कारण नसताना दिसेल त्याला चावणं, लाकूड-दगडांना चावणं, खालचा जबडा लोंबणं, आवाज बदलणं, चाल अडखळणं ही पिसाळल्याची लक्षणं. कुत्रं पाणी पितंय म्हणजे पिसाळलेलं नाही, हा समज चुकीचा आहे.

७. दवाखान्यात

त्याच दिवशी जा. घरी जाऊन सोमवारी बघू, असं करू नका. सरकारी केंद्रांत रेबीजची लस मोफत मिळते. पण गंभीर चाव्याला लागणारं सिरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. निघण्याआधी फोन करून विचारा आणि नसेल तर थेट ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाकडे वळा. वाहन नसेल तर 108.

डॉक्टर चाव्याचे तीन वर्ग करतात. अखंड कातडीला कुत्र्याने चाटलं असेल तर पहिला, उपचाराची गरज नाही. रक्त न आलेले ओरखडे, उघड्या कातडीवर हलके दात लागणं हा दुसरा, लस लागते. कातडी फुटून रक्त आलं, किंवा जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली की तिसरा : लस आणि सिरम दोन्ही. कोल्ह्यासारख्या रानटी जनावराचा चावा तिसऱ्याच वर्गात धरतात. माकडाने चावलं, ओरबाडलं तरी दवाखाना चुकवू नये.

सिरम वजनावर ठरतं : मानवी असेल तर किलोला 20 युनिट, घोड्यापासून बनवलेलं असेल तर 40. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1200 किंवा 2400. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. दुखतं, पण लसीचा असर व्हायला लागणाऱ्या दिवसांत पहारा देतं ते हेच. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लस सुरू करून घ्या. सिरम लसीच्या पहिल्या डोसापासून 7 दिवसांपर्यंत घेता येतं.

लस दंडात घेतात, लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यात टोचू देऊ नका, तिथे ती नीट लागू पडत नाही. पोटातल्या चौदा सुया आता इतिहासजमा आहेत, त्या भीतीने कुणी टाळाटाळ करत असेल तर त्याला हे सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. जखमेला टाके शक्यतो लगेच घालत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं तर हट्ट धरू नका.

ज्यांना यापूर्वी पूर्ण लस मिळाली आहे आणि ज्यांच्याकडे कागद आहे, त्यांना 0 आणि 3 या दिवशी दोनच डोस पुरतात, सिरम लागत नाही. दर आठवड्याला गट घेऊन जाणाऱ्यांनी आणि दवाखाना दोन दिवसांच्या चालीवर असेल अशा वाटांना जाणाऱ्यांनी चावण्याआधीच ही लस घेऊन ठेवावी : 0, 7 आणि 21 किंवा 28 वा दिवस.

८. पुढचे 28 दिवस

पहिला डोस ज्या दिवशी, तो शून्यावा दिवस. सरकारी केंद्रांत सहसा कातडीत टोचतात : 0, 3, 7, 28, दर वेळी दोन जागी. खासगीत स्नायूत टोचली तर 0, 3, 7, 14, 28. पुढचे डोस आपल्या शहरात घेता येतात, मात्र लसीचं नाव आणि पद्धत लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो काढा. मधेच पद्धत बदलू नये. पथ्य काहीही नाही, वांगं खाल्लं तरी चालतं.

कुत्रं सापडण्यासारखं असेल तर त्यावर 10 दिवस नजर ठेवायची असते. मालकाचा नंबर घेतला तो यासाठी. पण दहा दिवस बघून मग सुई घेऊ, असं नाही. सुया लगेच सुरू होतात. कुत्रं दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर पुढचं काय ते डॉक्टर ठरवतात. मधल्या काळात ते मेलं किंवा नाहीसं झालं तर लगेच त्यांना कळवा. पाळीव कुत्र्याच्या मालकाने निष्काळजीपणा केला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली तक्रार करता येते. 6 महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धनगरवाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यासाठी मात्र पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी आपण कळपातून गेलो होतो का, ते आठवा.

आणि एक बारीक अडचण. ट्रेक बहुधा रविवारी, म्हणजे चावा आणि पहिला डोस रविवारी. मग तिसरा दिवस बुधवार, पण सातवा आणि अठ्ठाविसावा दोन्ही पुन्हा रविवारीच येतात, आणि त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. बुधवारी दुसरा डोस घेतानाच विचारून ठेवा : रविवारी सुई कुठे मिळेल, किती वाजता, आणि नाहीच मिळाली तर सोमवारी सकाळी कुणाकडे यायचं. एक दिवस उशीर झाला तरी डोस घ्या, सोडू नका. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत जखम भरलेली असते आणि नेमका तोच डोस राहून जातो, म्हणून फोनमध्ये उरलेल्या सगळ्या तारखांची आठवण दवाखान्याच्या बाकावर बसूनच लावून टाका.